पाषाणाची संमती



ज्या व्रतस्थ शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा आयुष्यभर एकच आग्रह होता, की विद्येचा आरंभ आपल्या पायाखालच्या भूमीपासून करावा आणि मग दूरच्या देशांकडे दृष्टी टाकावी. आजचा विषय मी त्याच आग्रहाला अनुसरून निवडला आहे. इस्लामी वास्तुकलेतील पाषाणनक्षी असे नुसते नाव काढले, की आपल्या मनापुढे दिल्ली-आग्रा उभे राहते, फार तर कैरो आणि ग्रॅनाडा; परंतु कृष्णा-कोयनेच्या काठचा हा आपला सातारा-सांगलीचा मुलूख त्या मालिकेत बसतो, असे सहसा कोणास वाटत नाही. तो बसतो, आणि चांगल्या मानाच्या जागी बसतो, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेऊ. १४९० पासून १६८६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, विजापुरास आदिलशाही नांदली, आणि त्यांतला फार मोठा काळ आपला हा प्रदेश तिच्या अमलाखाली होता. वाई हा तिचा सुभा, मिरज हा तिचा मातबर किल्ला. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, जावळीचे मोरे, जतचे डफळे ही आपली घराणी त्या दरबाराच्या चाकरीत वाढली, त्याच्या सनदा त्यांनी मस्तकी धरल्या, आणि प्रसंगी त्याच दरबाराशी झुंजलीही. जेथे अंमल जातो तेथे त्याच्यामागून दफ्तर जाते, आणि दफ्तरामागून इमारत जाते. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून जवळच, शंभर फुटांहून उंच मनोऱ्यांची जी मशीद आहे, ती पहिल्या अली आदिलशहाच्या, म्हणजे १५५७ ते १५८० या अमदानीतली. रहिमतपुरास मशीद आणि मकबरा आहे तो रणदुल्लाखानाच्या नावाचा. आणि रणदुल्लाखान म्हणजे कर्नाटकाच्या मोहिमेत शहाजीराजे ज्याच्याबरोबर गेले तो विजापूरचा सेनापती. मिरजेचा ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा तर आपल्यापैकी अनेकांच्या नित्य येण्याजाण्यातला. १९३७ साली अब्दुल करीमखाँसाहेबांना तेथेच चिरविश्रांती मिळाली, आणि उरुसाच्या रात्री त्यांच्या स्मरणार्थ होणारे गाणे ऐकण्यासाठी लांबलांबहून माणसे येतात. म्हणजे या कलेची ठाणी आपल्या वाटेवरच आहेत. वाट रोजची आहे म्हणूनच ती पाहायची राहून गेली.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दख्खनमधील ही नक्षी पाषाणाच्या संमतीने झाली आहे. आपला दगड जेथे नाही म्हणाला तेथे कारागीर थांबला. धर्मसंकेत जेथे नाही म्हणाला तेथेही तो थांबला. आणि या दोन नकारांच्या मधून जी अरुंद वाट उरली, तिच्यावरून चालत त्याने एक अत्यंत संयमी आणि अत्यंत तेजस्वी कला निर्माण केली. ती वाट चालणारे हात याच भूमीतले होते. म्हणून त्या कलेचा वारसाही या भूमीचा आहे आणि तिच्या रक्षणाचे दायित्वही या भूमीचेच आहे. चार भागांत हे विवेचन करतो: प्रथम दगड, मग संकेत, मग हात, आणि शेवटी दायित्व.

प्रथम दगडाकडे वळू.

कलेच्या इतिहासात राजांची नावे येतात, शैलींची नावे येतात. दगडाचे नाव मात्र क्वचितच येते. वस्तुतः शैलीचा पहिला शिल्पकार दगडच असतो. कैरो येथील सुलतान कायतबाईच्या मकबऱ्याचा घुमट १४७४ च्या सुमारास पुरा झाला. त्या घुमटाच्या बाहेरच्या अंगावर तारकांची भूमिती आणि वेलींची वळणे अशी एकमेकांत गुंफलेली आहेत, की पाहणाऱ्याची दृष्टी कोठेच अडखळत नाही. ते कशामुळे साधले? तेथे चुनखडीचा दगड आहे, जो खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेत राहून पुढे टणक होतो. अहमदाबादेस १५७३ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या सिदी सय्यदच्या मशिदीत दगडाची एक जाळी आहे, तिच्यात एक वृक्ष आपल्या सर्व फांद्यांनिशी अर्धवर्तुळ भरून उभा आहे. तेथे वालुकाश्म आहे, जो छिन्नीचे म्हणणे ऐकतो. विदर्भात, सातपुड्यातल्या नरनाळा किल्ल्यावर इमादशाहीच्या संस्थापकाच्या वेळचा महाकाली दरवाजा आहे. त्यावरच्या कमळांची आणि अरबी लेखांची नजाकत पांढुरक्या वालुकाश्मावर खुलली आहे. आणि ग्रॅनाडाच्या अलहंब्रा राजवाड्याच्या ज्या भिंतींनी प्रवाशांना भुरळ घातली, त्यांच्यावरील नक्षी तर बव्हंशी दगडाची नव्हेच. ती गिलाव्यात कोरलेली आहे.

आता आपला दगड पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस भूमीच्या भेगांतून वर आला, थरावर थर पसरला, आणि त्यांतून सह्याद्री घडला. त्याचा हा काळवथर. बारीक कणांचा, घट्ट, जड, काळसर, उन्हात तापणारा आणि पावसात आणखी काळा पडणारा. पाथरवटाला विचारा, म्हणजे तो सांगेल, की या दगडात टाकी सहजी शिरत नाही, शिरली तर धार बोथट होते, आणि घाव चुकला तर कड फुटून ढलपी निघते. मऊ दगडात चूक झाकता येते, काळवथरात झाकता येत नाही. शिवाय या दगडाला स्वतःचा रंग असा नाहीच. संगमरवरावर ऊन पडले की तो उजळतो. काळवथरावर ऊन पडले की तो ते शोषून घेतो. मग अशा दगडावर नक्षी करायची ती कशाच्या बळावर?

आदिलशाही कारागिराने याचे उत्तर फार विचारपूर्वक दिले. त्याने नक्षीचे दोन प्रकार केले, आणि दोघांची कामे वाटून दिली. जेथे भिंत सपाट आहे तेथे त्याने उथळ कोरीव काम केले, इतके उथळ, की दुपारच्या उन्हात ते नीट दिसतही नाही. ते पाहायचे असेल तर सकाळी वा सायंकाळी जावे, सूर्य तिरपा असताना, म्हणजे प्रत्येक रेषेच्या कडेला सावलीची एक बारीक तार उमटते आणि सारी भिंत वाचता येऊ लागते. आणि जेथे भिंत संपून छप्पर सुरू होते, तेथे त्याने सावलीचा मोठा साठा केला: छज्जा पुष्कळ पुढे काढला, त्याच्याखाली तोड्यांची ओळ लावली, एका तोड्याची सावली दुसऱ्यावर पडेल असे अंतर राखले. दूरवरून येणाऱ्याला त्या इमारतीचे पहिले दर्शन घडते ते या दाट काळ्या पट्ट्याचे. जवळ गेल्यावर भिंतीची तारेसारखी रेषा. लांबून छज्ज्याची भरीव सावली. रंग नाही म्हणून त्याने सावलीलाच रंगाचे काम दिले.

या तत्त्वाचा परमोत्कर्ष म्हणजे विजापूरचा इब्राहीम रौजा. दुसरा इब्राहीम आदिलशहा १५८० ते १६२७ गादीवर होता. त्याच्या अखेरच्या वर्षांत हा मकबरा पुरा झाला, आणि बांधणारा म्हणून मलिक संदलचे नाव तेथील लेखातच आले आहे. ज्या कक्षात कबरी आहेत, त्याच्या चारही बाहेरच्या भिंती वरपासून खालपर्यंत वेलबुट्टीने आणि कुराणाच्या वचनांनी भरलेल्या आहेत, आणि ते सर्व काम उथळ आहे. एकेकाळी त्यावर रंग आणि सोनेरी मुलामा होता, त्याच्या खुणा अजून दिसतात. त्याच इमारतीच्या छज्ज्याखाली दगडी साखळ्या लोंबत होत्या. एकेक साखळी एकसंध दगडातून काढलेली. कडीत कडी अडकलेली, आणि तरीही कोठे सांधा नाही. तसल्याच साखळ्यांमुळे विजापूरच्या मलिका जहान मशिदीला लोक जंजिरी मशीद म्हणू लागले. क्षणभर विचार करा. जो दगड सरळ छिन्नायलाही राजी नसतो, त्यातून कडी मोकळी करायची म्हणजे तिच्या आतल्या पोकळीतला दगड कणाकणाने कोरून काढायचा, आणि शेवटचा धागा तुटेपर्यंत एकही घाव चुकू द्यायचा नाही. संमती एवढी अवघड असेल, तर ती मिळाल्यावर होणारे कामही तेवढेच मोलाचे होते.

दुसरा भाग: संकेत.

इस्लामी कलेत मूर्ती नाही, प्राण्यांची आकृती नाही, असे सरसकट विधान केले जाते. ते तसेच्या तसे खरे नाही. राजवाड्यांत, स्नानगृहांत, ग्रंथांत आकृती होत्या. किल्ल्यांच्या दरवाजांवर तर फारच होत्या. जंजिऱ्याच्या महाद्वारावर पंजांत हत्ती पकडलेला सिंह आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मग संकेत कोणता? संकेत असा, की प्रार्थनेच्या आणि कबरीच्या जागी प्राण्याची आकृती असू नये. स्थळाचा विवेक हाच त्याचा गाभा आहे. याचे अत्यंत बोलके उदाहरण जॉर्डनच्या वाळवंटातील मुशत्ता नावाच्या राजवाड्याचे. आठव्या शतकात उमय्यद खलिफांच्या वेळी तो उभारला गेला, अपुराच राहिला, आणि त्याचा कोरीव दर्शनी भाग आता बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्या भागावर त्रिकोणांची ओळ आहे आणि प्रत्येक त्रिकोणात द्राक्षवेल. दरवाजाच्या एका बाजूला त्या वेलीत पशुपक्षी आहेत, पाणी पीत आहेत, समोरासमोर उभे आहेत. दुसऱ्या बाजूला वेल तशीच, द्राक्षे तशीच, पण प्राणी एकही नाही. का बरे? कारण त्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीमागे राजवाड्याची मशीद होती. एकाच इमारतीच्या एकाच दर्शनी भागावर कारागीर दोन भाषा बोलला, आणि कोणती कोठे बोलावी हे त्याला नेमके ठाऊक होते.

आकृती बाजूला ठेवली म्हणजे नक्षीच्या वाट्याला काय उरते? तीन गोष्टी उरतात: वेल, भूमिती आणि अक्षर. वेल अशी, की तिचे मूळ दिसत नाही आणि शेंडाही दिसत नाही. चौकट संपली म्हणून ती दिसायची थांबते, एरवी ती तशीच पुढे गेली असती. भूमिती अशी, की एका वर्तुळाच्या समान भागांतून तारा निघतो, ताऱ्यांतून बहुकोन निघतो, आणि पाहणाऱ्याची दृष्टी जेथे टेकते तोच त्या रचनेचा मध्य होऊन बसतो. या दोन्हींचे दर्शन सर्व इस्लामी देशांत सारखेच घडते. परंतु दख्खनच्या कारागिराने तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे अक्षरात, जे साधले त्याला तोड क्वचितच सापडेल. म्हणून तेथे थोडे थांबतो.

इब्राहीम रौजाच्या कक्षाच्या खिडक्यांत दगडी जाळ्या आहेत. लांबून पाहिले तर वेलींची जाळी वाटते. जवळ जावे, म्हणजे कळते, की ती अरबी अक्षरे आहेत. अक्षरे कोरलेली नाहीत. अक्षरे शिल्लक ठेवली आहेत, आणि त्यांच्या मधली सारी जागा आरपार काढून टाकली आहे. उजेड येतो तो अक्षरांच्या मधून. बाहेर उभे राहून पाहिले तर काळ्या अवकाशावर दगडाची वचने दिसतात. आत उभे राहून पाहिले तर तीच वचने प्रकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी दिसतात.

हे काम कसे झाले असेल, याचा विचार कसबाच्या अंगाने करून पाहू, कारण त्याशिवाय त्याची थोरवी कळणार नाही. कागदावर लिहिताना अक्षरे सुटी असली तरी बिघडत नाही. अरबी लिपीत कित्येक अक्षरांच्या वरखाली नुक्ते, म्हणजे ठिपके, असतात. त्या नुक्त्यावर अक्षराचे स्वरूप अवलंबून असते, तो गेला तर शब्दच बदलतो. कागदावर नुक्ता हवेत तरंगू शकतो. दगडात तो तरंगेल कसा? मधली जागा काढून टाकली, की सुटा नुक्ता खाली पडणार. म्हणून प्रत्येक नुक्त्याला शेजारच्या कोणत्या तरी रेषेचा हात धरावा लागतो. प्रत्येक अक्षराला वरच्या, खालच्या वा बाजूच्या अक्षराशी कोठे तरी जुळावे लागते. आणि हे सर्व जुळणे असे असावे लागते, की लेखाचा अर्थ बिघडू नये, रेषेचे वळण मोडू नये, आणि दगडाचा तोल राहून चौकटीला भार पेलावा. लेखनकाराला दगडाचे बळ ठाऊक असले पाहिजे आणि पाथरवटाला लिपीचा मान ठाऊक असला पाहिजे. या दोघांपैकी एकही कमी पडला असता, तर ती जाळी आज उभी नसती. ज्या वचनात एका अक्षराचा आधार दुसऱ्याला आहे, आणि एकाही नुक्त्याला सुटे राहता येत नाही, त्या वचनाची रचना पाहिली म्हणजे कळते, की येथे बंधनाने कला आखडली नाही. बंधनामुळेच ती इतक्या खोल गेली.

दगड नाही म्हणाला, संकेत नाही म्हणाला. आणि या दोन नकारांतून ही खिडकी झाली. दगड मऊ असता, तर तेथे सिदी सय्यदचा वृक्ष आला असता. संकेत सैल असता, तर तेथे मूर्ती आली असती. दोन्ही सुंदरच झाली असती. परंतु ही अक्षरांची खिडकी झाली नसती.

आता तिसरा भाग: हात.

हे काम केले कोणी? राजांची नावे आपण घेतो. मलिक संदलसारख्या एखाद्या बांधणाऱ्याचे नावही लेखात येते. परंतु प्रत्यक्ष टाकी धरणारे हात कोणाचे होते? इराणातून, तुराणातून लेखनकार आले, चित्रकार आले, विद्वान आले, ही गोष्ट निःसंशय आहे. परंतु खाणीतून दगड उचलणारा, त्याचा कस ओळखणारा, कोणत्या थराचा दगड कमानीला चालेल आणि कोणता मांजऱ्या निघून पाणी पिईल हे हाताने चाचपून सांगणारा माणूस परदेशातून आणता येत नाही. तो येथलाच असावा लागतो. आणि तो येथे होताच, शतकानुशतके होता.

मिरजेपासून फार दूर नाही, कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर आहे, शिलाहारांच्या वेळचे, बाराव्या शतकातले. त्याच्या स्वर्गमंडपात ४८ स्तंभ आहेत आणि मध्यभागी आकाशाकडे उघडे असलेले वर्तुळ. त्या स्तंभांची गोलाई पाहावी, त्यांच्यावरचे कडी-कंगोरे पाहावेत; काळवथराला इतक्या आज्ञाधारकपणे वळवणारी परंपरा आपल्या या मुलखात आदिलशाहीपूर्वी तीनशे वर्षे नांदत होती. आदिलशाहीने ती परंपरा नव्याने निर्माण केली नाही. तिने तिला नवे काम दिले. दिल्लीलाही हेच घडले होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबमिनारपाशी कुव्वतुल इस्लाम मशिदीपुढे कमानींचा पडदा उभारला गेला, तेव्हा त्यावरील अरबी अक्षरांच्या मधून वळणारी पाने-फुले इतकी जिवंत आणि भारतीय निघाली, की ती खोदणाऱ्या हाताची ओळख सांगावी लागत नाही. अक्षर बाहेरून आले, पान येथलेच राहिले.

विजापुरास हेच अधिक परिपक्व रूपाने दिसते. तेथे मेहतर महाल म्हणून एक दरवाजाची इमारत आहे, सतराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या सज्ज्याला आधार देणारे दगडी तोडे इतके नाजूक आहेत, की पाहणाऱ्याला ते लाकडाचे वाटावेत. त्यांच्यावर पशू आहेत, पक्षी आहेत, आणि त्यांच्या घडणीत मंदिराच्या हस्तांची आठवण स्पष्ट आहे. प्रार्थनेची जागा नव्हे, म्हणून कारागिराला तेथे मोकळीक मिळाली, आणि मोकळीक मिळताच त्याच्या हातातली जुनी स्मृती बाहेर आली. आणि हे सारे ज्या इब्राहीमशहाच्या काळात घडले, तो ‘किताब-ए-नौरस’चा कर्ता, गायनाचा निस्सीम भक्त, सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करणारा, आणि प्रजेने जगद्गुरू म्हणून ओळखलेला राजा. असा आश्रयदाता लाभला म्हणजे कारागिराला आपली स्मृती लपवावी लागत नाही.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहिला काय? मुळीच नाही. नक्षी दरबारातून परत आपल्या घरी आली. सिंदखेडराजा येथे जिजाऊंचे पिता लखुजी जाधव यांची समाधी आहे. तिचा भव्य घुमट, तिच्या कमानी, तिची मांडणी पाहिली, तर तो एखाद्या सुलतानाचा मकबरा वाटावा. वेरूळला मालोजीराजांच्या समाधीचेही तसेच. छत्रपतींच्या मातृकुलाने आणि पितृकुलाने आपल्या वाडवडिलांचे स्मारक याच वास्तुभाषेत लिहिले, कारण त्या काळी दगडात बोलायची प्रतिष्ठित भाषा तीच होती, आणि ती त्यांना परकी वाटत नव्हती.

आणि साताऱ्याजवळचे लिंब गाव? तेथली बारामोटेची विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात, शाहूछत्रपतींच्या अमदानीत वीरूबाईसाहेबांनी ती बांधली. अष्टकोनी विहीर, तिच्यावर महाल, पायऱ्या उतरताना समोर येणारी टोकदार कमान. त्या कमानीजवळ क्षणभर थांबावे आणि एकेक गोष्ट वेगळी करून पाहावी. कमानीची रेषा विजापूरची. तेथली कमळे देवळातली, पण विजापुराने ती उचलून कमानींच्या खांद्यांवर बसवली होती, ती तेथून परत आली. भिंतीवरची पशूंची शिल्पे किल्ल्याच्या दरवाजाच्या घराण्यातली, जी बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि मराठे अशा सर्वांनी सारख्याच आवडीने आपापल्या वेशींवर लावली. आणि सांधे पाहावेत: चिऱ्यावर चिरा असा बसवला आहे, की तीनशे वर्षांत ओळंबा ढळला नाही. यांतले कोणते हिंदू आणि कोणते मुसलमान, हे सांगू पाहणारा माणूस पहिल्याच पायरीवर अडकेल. ते सर्व काळवथराचे आहे आणि काळवथर ज्यांना वश होता त्या हातांचे आहे. राज्य बदलले, धनी बदलला, इमारतीचे प्रयोजन बदलले. पण मोजायची सुतळी, गुण्या, ओळंबा आणि टाकी बापाकडून लेकाकडे जात राहिली.

येथे एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. ज्या सत्तेशी आपल्या पूर्वजांनी झुंज घेतली, ज्या सत्तेच्या सुभेदाराशी १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी निर्वाणीचा प्रसंग घडला, तिच्या इमारतींचे कौतुक आपण का करावे? याला माझे उत्तर सरळ आहे. लढाई राज्याशी होती. ती लढली गेली, जिंकली गेली, आणि तिचा अभिमान बाळगणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु दगडावरचे कसब ज्या हातांनी केले, त्या हातांशी कोणाचीच लढाई नव्हती. स्वराज्याचे गड ज्यांनी बांधले, ते पाथरवट आणि गवंडी याच परंपरेत शिकले होते. त्यांच्या कामाचा अर्धा भाग आपला आणि अर्धा परका, अशी वाटणी करू गेलो, तर आपण आपलाच वारसा अर्धा करून घेऊ.

आणि आता शेवटचा भाग: दायित्व.

आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी एक गोष्ट आज मला या सातारा शहरात मुद्दाम सांगायची आहे. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य पुन्हा उभे राहिले, आणि त्या राज्याच्या मुलखात विजापूरही आले. १८४८ साली ते राज्य खालसा होईपर्यंत, म्हणजे पुरी तीस वर्षे, गोलघुमट, इब्राहीम रौजा, मेहतर महाल ही सारी साताऱ्याच्या गादीच्या ताब्यात होती. त्या वेळी ते नगर ओसाड होते. तट ढासळलेले, महालांत झाडे उगवलेली. त्या पडक्या नगरीचा दगड विकून टाकला असता, तर विचारणारा कोणी नव्हता. पण साताऱ्याच्या राजांनी त्या इमारतींच्या जतनाविषयी मनापासून आस्था दाखवली, आणि ही गोष्ट त्या काळच्या इंग्रज लेखकांनीही नमूद करून ठेवली आहे. शिवछत्रपतींच्या वंशजांनी आदिलशाही स्मारकांची काळजी वाहावी, ही घटना साधी नव्हे. जो वैरभाव रणांगणावर संपला तो दगडावर काढायचा नसतो, हा विवेक त्या गादीने जपला. त्या विवेकाचा वारसा आपण सांगणार असू, तर आज आपल्या अंगणातील स्मारकांची अवस्था काय आहे, याचाही हिशेब आपणच दिला पाहिजे.

ती अवस्था फारशी चांगली नाही. ही नक्षी उथळ आहे, हे मी आपणांस पहिल्याच भागात सांगितले, आणि आता त्याचे महत्त्व कळेल. उथळ नक्षीला शत्रूची कुदळ लागत नाही. भाविकाची चुन्याची बादली पुरते. दरसाल उत्सवाला एक हात चुना, त्यावर कधी तैलरंग, त्यावर पुन्हा चुना. असे थर चढत गेले, की तारेसारखी रेषा बुजते आणि अक्षर नुसता उंचवटा होऊन राहते. यात दुष्टावा कोठेच नाही. आहे ती भक्ती. देवळांचीही कथा हीच आहे. फुटलेल्या जागी सिमेंट भरले, की ते काळवथराशी एकजीव होत नाही. पाणी मधल्या फटीत शिरते आणि शेजारचा घडीव दगड सुटू लागतो. सांध्यात पिंपळाचे रोप रुजले, की त्याचे मूळ चिऱ्यांना दूर सारते. एखादा तोडा निखळून पडला, की तो कोणाच्या तरी पायरीला वा गोठ्याला जातो. शत्रू येऊन जे करू शकला नाही, ते आपली बेफिकिरी आणि आपला अजाण उत्साह मिळून करत आहेत.

मग करावे काय? मोठ्या रकमांची आणि मोठ्या योजनांची वाट पाहत बसू नये. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बराच भाग १९४९ पूर्वी एकाच जिल्ह्यात होता. या दोन्ही जिल्ह्यांत मशिदी, दर्गे, मकबरे, देवळे, विहिरी, वाडे, वेशी यांवरील कोरीव कामाची एक यादी व्हावी, आणि ती धर्मानुसार न होता गावानुसार व्हावी. शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना गावातल्या जुन्या दगडासमोर बसवावे आणि एक कमळ, एक कंगोरा, एक अक्षरपट्टी मोजून काढायला लावावी. मोजून काढलेले मूल पुन्हा त्या दगडावर नाव कोरणार नाही. मशिदीच्या आणि देवळाच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे, की दगडावर रंग देण्यापूर्वी एकदा जाणत्या माणसाला विचारावे. चुना हवाच असेल तर तो विटेच्या आणि गिलाव्याच्या भागापुरता ठेवावा, घडीव दगड मोकळा असावा. आणि आपल्या भागात जे थोडे पाथरवट अजून टाकी चालवतात, पाटे-वरवंटे आणि देवांच्या मूर्ती घडवतात, त्यांच्यापुढे या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम प्रथम ठेवावे. ज्या हातांची स्मृती आठशे वर्षे टिकली, ती आपल्या एका पिढीत पुसली गेली, तर मग जाळीतला सुटलेला नुक्ता परत बसवणारा कोणी मिळणार नाही. यंत्र दगड कापील, पण कोणता नुक्ता कोणत्या रेषेला धरून होता, हे यंत्राला कोण सांगणार?

दख्खनच्या पाषाणाने आपल्या पूर्वजांना सहजासहजी काहीच दिले नाही. जे दिले ते श्रमाने, संयमाने आणि परस्परांच्या विद्येचा मान राखून मिळवावे लागले. लेखनकार आणि पाथरवट, इराणी अक्षर आणि शिलाहारांचे कमळ, सुलतान आणि छत्रपती, अशा सर्वांच्या वाट्याने ती संपत्ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे. कऱ्हाडच्या मशिदीचा चिरा असो, रहिमतपूरच्या मकबऱ्याचा असो वा लिंबच्या विहिरीचा असो, तो राखायचा कोणी, असा प्रश्न उद्या निघाला, तर विजापूरकडे वा दिल्लीकडे बोट दाखवू नका. साताऱ्याच्या गादीने तीस वर्षे जे दायित्व आपण होऊन उचलले, ते आता या दोन जिल्ह्यांतील नागरिकांकडे आले आहे. ते उचलावे, आणि या वर्षीच उचलावे, एवढीच आपणांस माझी विनंती आहे.